द्राक्षावरची औषधं बंद झाली का? आता काय मारायचं?

साक्रीचा शेतकरी: राम राम मंडळी, गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झाली, भुरीसाठी (पानांवर पांढरी भुकटी येणारा बुरशीचा रोग) डिनोकॅप मागितलं तर दुकानदार म्हणे बंद झालं, अन् किडीला डायमेथोएट तरी चालतं का? माल युरोपला द्यायचाय.

पिंपळनेरकर: भाऊ, डिनोकॅप, डायकोफॉल, मिथोमिल केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशानं बंदच. मॅलॅथिऑन द्राक्षावर नाही, अन् डायमेथोएट कच्च्या खायच्या फळावर मारायचंच नाही. भुरीला गंधक ८० डब्ल्यूडीजी (पाण्यात विरघळवायचे दाणे) मार, फक्त भर दुपारी नको, पानं करपतात, आपल्याकडचं ऊन तुला माहितीये.

शहाद्याचा बोरवाला: आमच्या बोरीवर पण क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक बंद झालं, बरं झालं, पोरं झाडाखालची बोरं तशीच उचलून खातात.

धुळेकर: युरोपला द्यायचं तर दुकानदाराच्या भरवशावर राहू नको रे दादा, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघ, प्रत्येक औषधापुढे काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. फळात राहिलेल्या क्लोरपायरीफॉसची मर्यादा तिकडे किलोला फक्त ०.०१ मिलिग्रॅम, शेजारच्या कपाशीवरून उडून आलं तरी सॅम्पल फेल होऊ शकतं, म्हणून शेजाऱ्याला आधीच सांगून ठेव, पंप पण वेगळा ठेव.

साक्रीचा शेतकरी: शेजारी कपाशीच आहे, आज संध्याकाळीच जातो त्याच्याकडे.