'कॉर्डन ऑफ'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: स्फोटानंतर पोलिसांनी परिसर 'कॉर्डन ऑफ' केला, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य मराठीत आणायचं आहे. 'परिसराला वेढा घातला' चालेल का? आणि 'ब्लॉक ऑफ', 'सील ऑफ' हे सगळं एकच का?

– वेढा नको. वेढा किल्ल्याला पडतो. आत कुणीतरी असतं आणि त्याला निसटू द्यायचं नसतं. तुमच्या वाक्यात रोख बाहेरच्यांवर आहे: बघ्यांनी शिरू नये, पुरावे तुडवले जाऊ नयेत. मी लिहीन, 'पोलिसांनी परिसराभोवती कडं करून लोकांना आत जायला मज्जाव केला.' लांबलं खरं, पण मथळ्यासाठी 'परिसर बंद' असं आखूड कराल तर वाचणाऱ्याला संप वाटेल.

'कॉर्डन' फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ बारीक दोरी, फीत. 'कॉर्डन ब्लू' या निष्णात आचाऱ्याच्या बिरुदातली निळी फीत ती हीच. त्यामुळे पट्टी, दोरी किंवा माणसांची रांग, म्हणजे काम झालं की उचलता येणारी हद्द डोळ्यांसमोर येते. कायमचं कुंपण असेल तर 'फेन्स ऑफ'. 'ब्लॉक ऑफ' बहुधा वाटेला लागतं: रस्ता, दार, बोळ. 'सील ऑफ' सगळ्यांत कडक, त्यात आतल्यालाही बाहेर येता येत नाही. मराठीत 'सील केलं' म्हटलं की टाळं ठोकून मोहोर लावल्याचाही अर्थ निघतो, तेव्हा जपून.

– पण हल्लेखोर इमारतीत लपले असतील तेव्हाही 'कॉर्डन ऑफ' वापरतात की!

– वापरतात, आणि तिथे वेढाच बरोबर. आतल्याला कोंडायचंय की बाहेरच्याला थोपवायचंय, एवढं पाहून शब्द निवडा. 'नाकाबंदी' मात्र दोन्हीकडे टाळा. ती नाक्यावर वाहनं थांबवून तपासण्यासाठी असते.

– व्याकरणाचं राहिलं. 'कॉर्डन ऑफ द स्ट्रीट' आणि 'कॉर्डन द स्ट्रीट ऑफ' दोन्ही चालतं. सर्वनाम आलं की ते मध्येच बसवायचं: 'कॉर्डन इट ऑफ'. 'कॉर्डन ऑफ इट' चूक. बातम्यांत 'वॉज कॉर्डन्ड ऑफ' असा कर्मणी प्रयोग फार. म्हणून मराठीतही 'पोलिसांकडून कडे करण्यात आले' लिहायची गरज नाही. कडं कुणी केलं ते माहीत आहे ना? मग सरळ 'पोलिसांनी केलं' म्हणा.