किडनी प्रत्यारोपणाआधी वजन कमी करायची शस्त्रक्रिया: कुणाच्या घरी झाली आहे का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझ्या नवऱ्याचं वय 44. मधुमेहाने दोन्ही किडन्या गेल्या, दीड वर्ष झालं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. उंची 168 सेंटीमीटर, ड्राय वेट (डायलिसिसने जादा पाणी काढल्यावरचं वजन) 112 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जवळजवळ 40. सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत. रक्तगट जुळला, क्रॉसमॅचही (यांचं शरीर ती किडनी लगेच नाकारेल का, याची रक्ततपासणी) चांगला आला. पण प्रत्यारोपणाचे सर्जन म्हणाले, बीएमआय 35 च्या खाली आणा, मग बघू. म्हणजे साधारण 14 किलो उतरवायचे.

कारण त्यांनी नीट समजावलं. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. तिथे चरबीचा थर जाड असला की जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग होतो, पुढे हर्नियाही होऊ शकतो. ते मला पटलं. वजन उतरवायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमच्याकडे आहाराचे दोन कागद आहेत. वजनवाल्या डाएटिशियनच्या कागदावर मोड आलेली कडधान्यं, टोमॅटो, पालेभाजी, नारळपाणी. डायलिसिसवाल्या कागदावर हेच सगळं पोटॅशियममुळे बंद किंवा अगदी मोजकं. भाज्यासुद्धा चिरून, उकळून, पाणी ओतून द्यायच्या. डायलिसिसच्या दिवशी हे घरी आले की आडवे होतात, मधल्या दिवशी जमेल तेवढं चालतात. वर्षभरात 3 किलो उतरले आणि पुन्हा चढले. नातेवाईक म्हणतात, तोंडावर ताबा नाही. ज्यांनी एकदा तरी चार तास मशीनला जोडलेला माणूस पाहिलाय ते असं बोलणार नाहीत.

आता बॅरिॲट्रिक (वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेच्या) सर्जननी स्लीव्ह सुचवली आहे. दुर्बिणीतून जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची नळी करतात. बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्न आतड्यात पुढे वळवायची शस्त्रक्रिया, यांना नको म्हणाले. त्यात अन्नातलं ऑक्झलेट (मुतखड्यात असतं तो क्षार) जास्त शोषलं जातं आणि ते नव्या किडनीत साचू शकतं. शिवाय शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमससारख्या औषधांचं शोषणही बदलतं.

माझे प्रश्न:

स्लीव्हनंतर दिवसभर घोट घोट करून दीड-दोन लिटर पाणी प्या असं सगळीकडे लिहिलंय. यांना लघवी जवळपास होत नाही, दिवसाला एक लिटरची मुभा आहे. तुम्ही हे कसं जुळवलंत? आणि डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात, मग एवढ्याशा जठरात ती बसवायची कशी?

सगळ्यात मोठी काळजी वेळेची. सासूबाई 63 वर्षांच्या आहेत. आज बीपी, साखर, सगळं उत्तम आहे. परवा त्या मला म्हणाल्या, "ह्याचं वजन उतरेपर्यंत माझंच काहीतरी निघालं तर गं?" मला उत्तर देता आलं नाही. स्लीव्हनंतर प्रत्यारोपणाला किती महिने लागले?

प्रतिसाद

ताई, माझ्या भावाची स्लीव्ह डायलिसिसवर असतानाच झाली. दहाव्या महिन्यात प्रत्यारोपण झालं, वहिनींनी किडनी दिली. पाण्याचं आधी सांगतो. दीड-दोन लिटरचा नियम किडनी चालणाऱ्यांसाठी असतो. आमच्या नेफ्रोलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) वेगळा आकडा लिहून दिला होता, तोच पाळला.

जास्त जपायचं ते ड्राय वेट. शस्त्रक्रियेनंतर अंगाचं वजन भराभर उतरतं. मशीनवर जुनाच आकडा ठेवला तर उतरलेल्या वजनाची जागा पाणी घेतं. काटा तोच दिसतो आणि माणसाला धाप लागते. भावाचं तिसऱ्या आठवड्यात हेच झालं, रात्री बसून काढली. दर आठवड्याला ड्राय वेट तपासायला सांगा. बीपीच्या गोळ्या आणि इन्सुलिनही लगेच कमी करावं लागतं, साखर एकदम खाली जाते.

प्रथिनांसाठी अंड्याचं पांढरं, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पावडर घेतलीत तर फॉस्फरस बघून. विम्याच्या कागदात लठ्ठपणाचं कलमही वाचा. साधारणपणे बीएमआय 40, किंवा 35 च्या वर आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, असं असतं. तुमचं काठावर आहे, म्हणून वजन-उंचीची नोंद आत्ताच डॉक्टरांच्या सहीने घेऊन ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार दादा. ड्राय वेटचं आम्हाला कुणीच बोललं नव्हतं. सोमवारी डायलिसिसला जाताना दोन्ही कागद घेऊन जाते आणि नेफ्रोलॉजिस्ट नि बॅरिॲट्रिक सर्जन यांना एकमेकांशी फोनवर बोलायलाच लावते. सासूबाईंच्या तपासण्या दर किती महिन्यांनी पुन्हा करायच्या, हेही विचारते. वहिनींच्या पुन्हा केल्या होत्या का?