सासरे बौद्ध, बाकी घर हिंदू: दहावा की पुण्यानुमोदन?

ओसरी: सासऱ्यांनी पन्नाशीनंतर धम्मदीक्षा घेतली होती. सासूबाई आणि बाकी घर देवाधर्माचं. मंगळवारी सासरे गेले. विद्युतदाहिनीत नेलं, विधी काहीच झाला नाही. आता सासूबाईंना पिंड, कावळा सगळं हवंय. त्यांचं मन न मोडता काय करता येईल? अस्थींचंही सांगा.

उंबरठा: पिंडदान नकोच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली सहावीच ती आहे: श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही. पुण्यानुमोदन ठेवा, म्हणजे दान करून त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला वाटून द्यायचा बौद्ध विधी. दहावाच दिवस हवा असं नाही, रविवार चालेल. भंते (बौद्ध भिक्खू) मिळाले नाहीत तर बौद्धाचार्य (विधी करणारे गृहस्थ) बोलवा.

टेबलावर पांढरं कापड, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, सासऱ्यांचा फोटो जरा खाली. पांढरी फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती. फोटोला कुंकू लावू नका. त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं घेणं), वंदना आणि मग जलदान. घरच्यांनी तांब्याला हात लावून ताटातल्या पेल्यात बारीक धार सोडायची, पेला भरून ताटात सांडेपर्यंत. तोवर भंते 'यथा वारिवहा पूरा' म्हणत असतात. पेला छोटाच घ्या, नाहीतर तो भरायच्या आत तांब्या रिकामा.

घोळ होतो तो वेळेचा. भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत. पत्रिकेत अकरा छापलं की भाषणांतच साडेबारा वाजतात. नऊला सुरू करा, साडेअकराच्या आत भोजनदान उरका, भाषणं मागाहून.

पारावरचा: पत्रिकेत 'कै.' किंवा 'स्वर्गवासी' नको, 'कालकथित' लिहा. छापणारा सवयीने वर '॥ श्री ॥' टाकतो, प्रूफ बघा.

सांजवेळ: प्रतिज्ञा सासऱ्यांची होती, सासूबाईंची नाही, हेही विसरू नका. पंचशील म्हणणं म्हणजे शील घेणं, त्याची सक्ती कुणावर नको. त्या नुसत्या बसल्या तरी चालतं. जलदानाला मात्र तांब्याला पहिला हात त्यांचा लावा. पाणी सोडणं त्यांना परकं नाही.

उंबरठा: पटलं. फक्त 'हे आपलं तर्पणच' म्हणून त्यांची समजूत काढू नका. इथे केलेल्या दानाचं पुण्य वाटून देतात, पितरांना पाणी पाजत नाहीत. आज तर्पण म्हणालात तर पितृपंधरवड्यात पुन्हा पिंडाचा विषय निघेल.

अस्थी नाशिकच्या रामकुंडावर नेल्यात तर तिथे पिंडाचं विचारणारच. जवळच्या नदीत सोडा किंवा झाड लावा. झाड लावणार असाल तर मूठभरच राख खड्ड्याच्या मातीत नीट कालवा. सगळी मुळाशी ओतली की क्षाराने रोप जळतं.