स्पॅमचं फोल्डर रोज उघडायचं की नाही?

हिशेबनीस, जालना
मी जालन्यात कर सल्लागाराचं काम करतो. आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त व्यापाऱ्यांच्या जीएसटी नोंदणीवर ईमेल आमच्या ऑफिसचाच आहे. २०१७ मध्ये नोंदणी केली तेव्हा कित्येक दुकानदारांकडं स्वतःचा ईमेलच नव्हता. आज त्या एका पत्त्यावर दिवसाला दोनशेच्या वर मेल येतात. बिनतारण कर्ज, डिजिटल सिग्नेचर, 'तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो', असलंच सगळं.

गेल्या वर्षी वैतागून ऑफिसातल्या पोराला सांगितलं, नोटीस, अर्जंट, पेमेंट असं काही अनोळखी दिसलं की 'रिपोर्ट स्पॅम' दाबत जा. मेलची चाळणी, म्हणजे स्पॅम फिल्टर, आपल्या बोटांवरूनच शिकते. तिनं शिकून घेतलं, आणि एका सरकी-पेंडीच्या व्यापाऱ्याची एएसएमटी-१० नोटीस, म्हणजे रिटर्नमधल्या तफावतीचा खुलासा मागणारी, थेट स्पॅममध्ये गेली. उत्तराला ३० दिवस असतात. सापडली तेव्हा २६ उलटले होते. आणखी थोडे दिवस गेले असते तर मेलसुद्धा राहिला नसता, कारण जीमेल स्पॅममधलं ३० दिवसांनी पुसून टाकतं.

जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीवरच्या ईमेलवर नोटीस पाठवणं ही बजावणीची एक रीत आहे. मेल कोणत्या फोल्डरात पडला, याची तिथं दखल नाही. म्हणून माझं ठाम मत : चाळणी जास्त घट्ट करू नका, आणि रोज सकाळी दहा मिनिटं स्पॅमचं फोल्डर माणसानं डोळ्याखालून घातलंच पाहिजे.

वाळूजचा सिस्टिमवाला
पूर्ण विरोध. मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर-नेटवर्क बघतो. आमच्या खरेदी विभागातल्या माणसानं असंच कोटेशन शोधायला स्पॅम उघडलं. तिथं नेहमीच्या पुरवठादाराचा मेल दिसला, 'आमचं बँक खातं बदललं आहे'. पत्त्यात एकच अक्षर वेगळं होतं. त्यानं 'नॉट स्पॅम' केलं आणि पैसे पाठवले. त्याच दुपारी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली म्हणून काही रक्कम गोठवली गेली, बाकीची गेली.

चाळणीनं आपलं काम चोख केलं होतं, बिघडवलं माणसानं. तुम्ही रोज एका कामाच्या ओझ्याखालच्या माणसाला त्या उकिरड्यात हात घालायला सांगताय. नोटीस बघायची तर जीएसटी पोर्टलवर बघा. तिच्यावरचा संदर्भ क्रमांकसुद्धा तिथंच पडताळता येतो.

हिशेबनीस, जालना
पोर्टलवर बघा म्हणणं सोपं आहे. प्रत्येक व्यापाऱ्याचं लॉगिन वेगळं, दर वेळी कॅप्चा. त्यात 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' एकीकडं आणि 'ॲडिशनल नोटिसेस' दुसरीकडं. याच दुसऱ्या जागेतल्या नोटिसा लोकांना दिसल्या नाहीत म्हणून प्रकरणं हायकोर्टात गेली. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, रिटर्न भरायच्या घाईत, हे रोज कोण करणार?

लातूरची आई
तुम्ही दोघं ऑफिसचंच बोलायलात. घरचं ऐका. माझा मुलगा बारावीला आहे. एका मोफत मार्गदर्शन शिबिरात त्यानं नाव, नंबर, ईमेल लिहून दिला. तेव्हापासून क्रॅश कोर्स, टेस्ट सिरीज, परदेशात एमबीबीएस, रोज पंधरा-वीस मेल. नीटच्या अर्जाला तोच ईमेल दिलाय. हॉल तिकिटाची सूचना या गर्दीत हरवली तर त्याचं वर्ष जाईल. मी रात्री झोपायच्या आधी त्याचं स्पॅमही बघते, आणि बघणं सोडणार नाही.

गोदाकाठ, नांदेड
ताई, बघत बसण्यापेक्षा मुळावर घाव घाला. परीक्षा, बँक, आधार यांना एक ईमेल, तो दुसऱ्या कुणाला द्यायचाच नाही. शिबिरं, दुकानं, ॲप यांना दुसरा. मी तीन वर्षांपासून असंच करायलोय. पहिल्या पत्त्यावर आठवड्यात दहा मेलसुद्धा येत नाहीत, त्यामुळं तिथलं स्पॅम बघायला मिनिट लागतं.

आणि अनसबस्क्राइब दाबा. २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय द्यावीच लागते.

वाळूजचा सिस्टिमवाला
अनसबस्क्राइबचं अर्धंच खरं आहे. ज्या दुकानातून, ॲपवरून तुम्ही खरंच काही घेतलंय, त्यांचं दाबा. पण अनोळखी मेलच्या आतली लिंक दाबली की समोरच्याला कळतं, हा पत्ता जिवंत आहे, इथं माणूस वाचतो. असा पत्ता पुढं विकला जातो. तिथं फक्त 'रिपोर्ट स्पॅम'.

परभणीकर
सगळेजण आपल्यालाच काम लावायलेत : पत्ते दोन करा, फोल्डर बघा, बटण दाबा. ज्यानं त्या पोराचा ईमेल विकला त्याचं काय? नकोशा कॉल आणि एसएमएससाठी १९०९ आहे, ईमेलसाठी तसं काहीच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागेल असं लिहिलंय, आणि संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती काढून घेणंही सोपं हवं असंही. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, अंमल टप्प्याटप्प्यानं. तोवर बारावीच्या किती बॅचेस बाहेर पडतील? शिबिराच्या दारात कोरा कागद पुढं करणाऱ्याला पालकांनी एकदा तरी विचारावं, हे कुठं जाणार आहे?

लातूरची आई
विचारलं होतं. 'फक्त रेकॉर्डसाठी' म्हणाले.

हिशेबनीस, जालना
गोदाकाठ यांचं पटलं. नोंदणीवरचा ईमेल ओटीपीवर बदलता येतो. दिवाळीच्या आत प्रत्येक व्यापाऱ्याला स्वतःचा, फक्त कराच्या कामाचा ईमेल काढून देतो, म्हणजे सगळ्यांच्या नोटिसा एका गर्दीत पडणार नाहीत. वाळूजकरांचंही एक घेतो : स्पॅममध्ये मेल सापडला तरी त्यातली लिंक उघडायची नाही, तेवढ्याच व्यापाऱ्याचं पोर्टल उघडून खात्री करायची. पण फोल्डर बंद ठेवा हे मान्य नाही. त्या २६ व्या दिवशी व्यापारी माझ्यासमोर बसला होता, आणि त्याला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं.

वाळूजचा सिस्टिमवाला
मग बघणारा माणूस आणि पैसे पाठवणारा माणूस वेगळा ठेवा. आमच्याकडं आता खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय एक रुपया हलत नाही.