निर्बंध पाळणे हा समाजाचा स्वभाव असतो का?

पायवाट (धागाकर्ती):

नमस्कार. कोविडच्या महासाथीतल्या निर्बंधांचा विषय निघाला की एक विधान हमखास कानांवर येते, ते म्हणजे काही समाज मुळातच शिस्तीचे असतात आणि काही मुळातच बेशिस्त. जपानमध्ये लोकांनी निमूटपणे मास्क लावले, अमेरिकेत लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि या फरकाचे कारण विचारले तर 'त्यांची संस्कृतीच तशी' एवढ्यावर आपली बोळवण होते.

मला हे उत्तर पटत नाही, आणि न पटण्याचे कारण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबरच्या अखेरीस मास्कची सक्ती केली, तेव्हा बहुसंख्य नागरिकांनी ती पाळली. २१ नोव्हेंबरला सक्ती उठली आणि लोकांनी आनंदाने मास्क काढून फेकले. रुग्ण पुन्हा वाढू लागले म्हणून जानेवारी १९१९मध्ये तीच सक्ती परत आली, आणि या वेळी त्याच शहरात मास्कविरोधी संघटना उभी राहिली, तिच्या सभेला हजारो लोक जमले. शहर तेच, माणसे तीच, संस्कृतीही तीच. मग अवघ्या तीन महिन्यांत बदलले काय?

वेगवेगळ्या समाजांनी असे निर्बंध कसे पचवले, कुठे त्यांच्याशी जुळवून घेतले आणि कुठे ते झुगारून दिले, हे जाणकारांनी उदाहरणांसह सांगावे अशी विनंती आहे.

उंबरठा:

जपानचे उदाहरण तुम्ही दिले आहेच, तर तिथूनच सुरुवात करतो, कारण त्याविषयीचा सर्वसाधारण समज अर्धवट आहे.

७ एप्रिल २०२० रोजी जपानने टोकियोसह सात प्रांतांत आणीबाणी जाहीर केली आणि पुढे ती देशभर वाढवली. परंतु तेव्हाच्या कायद्यानुसार घराबाहेर पडणाऱ्याला किंवा दुकान उघडे ठेवणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार सरकारला नव्हता. सरकार केवळ विनंती करू शकत होते. या विनंतीसाठी जो शब्द वापरला गेला तो 'जिशुकु', म्हणजे स्वतःहून स्वतःला आवर घालणे. लोकांनी तो बऱ्याच प्रमाणात घातलाही. मात्र कायद्याने मोकळी सोडलेली जागा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेने भरून काढली. उघड्या राहिलेल्या दुकानांच्या दारांवर निनावी धमकीवजा चिठ्ठ्या चिकटवल्या जाऊ लागल्या, परप्रांतातील क्रमांकाच्या गाड्यांना त्रास दिला जाऊ लागला, आणि असे करणाऱ्यांना लोक 'जिशुकु पोलीस' म्हणू लागले. शेवटी, गाडीवर क्रमांक दुसऱ्या प्रांताचा असला तरी मी राहतो याच प्रांतात, असे सांगणारी पत्रके काही जणांना आपल्या गाड्यांवर लावावी लागली. याला केवळ शिस्त म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्यात भीतीचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथेही कायदा बदलून नियम मोडणाऱ्या व्यावसायिकांसाठी दंडाची तरतूद करण्यात आली.

स्वीडननेही सक्तीपेक्षा सूचनांवर भर दिला. सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालू राहिल्या, पन्नासांपेक्षा अधिक लोकांच्या जाहीर जमावावर बंदी आली, आणि बाकी बहुतेक गोष्टी लोकांच्या विवेकावर सोडल्या गेल्या. तिथे एक गोष्ट मात्र विचारपूर्वक झाली. आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार कापण्याचा जो नियम होता, तो तात्पुरता बाजूला ठेवण्यात आला. 'बरे वाटत नसेल तर घरी थांबा' हे सांगणे सोपे असते, परंतु थांबल्यास पगार जाणार असेल तर ते सांगणे पोकळ ठरते. दुर्दैवाने वृद्धाश्रमांत तासांच्या बोलीवर काम करणाऱ्या अनेकांची परिस्थिती अधिक नाजूक होती. पहिल्या लाटेतील मृत्यूंचा मोठा भाग याच वृद्धाश्रमांत झाला, आणि वृद्धांचे रक्षण करण्यात देश कमी पडला असे चौकशी आयोगाने डिसेंबर २०२०मध्ये स्पष्टपणे नोंदवले. म्हणजे एकाच देशात, एकाच वेळी, तीच सूचना कोणाला पाळता आली आणि कोणाला नाही. संस्कृती हे उत्तर इथेही पुरत नाही.

तळटीप:

मी साथरोगांच्या सामाजिक बाजूचा अभ्यास करते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. ज्या निर्बंधाला सर्वांत तीव्र विरोध होतो तो बहुतेक वेळा बाजार किंवा प्रवासावरचा नसतो, तो मृतदेहावरचा असतो. याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण २०१४च्या इबोला साथीतील लायबेरियाचे आहे.

इबोलाने मरण पावलेल्या व्यक्तीचे शरीर अत्यंत संसर्गजन्य असते, आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक समाजांत मृताला आप्तांनी आपल्या हातांनी स्नान घालणे, त्याला स्पर्श करून निरोप देणे हा अंत्यविधीचा गाभा आहे. सरकारने ऑगस्ट २०१४मध्ये राजधानी मन्रोव्हियात इबोलाच्या मृतांचे दहन बंधनकारक केले. वैद्यकीय दृष्टीने हा निर्णय सरळ होता. परंतु लायबेरियात मार्च महिन्यातील दुसऱ्या बुधवारी लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, गवत काढतात, कबर धुतात, तिला रंग देतात, आणि त्या दिवशी देशात सार्वजनिक सुट्टी असते. दहन झाले म्हणजे कबर नाही, आणि कबर नाही म्हणजे वर्षातून एकदा जाऊन बसायला जागाच नाही. लोकांनी काय केले असेल याचा अंदाज आपण करू शकतो. आजारी माणसे लपवली गेली, रात्री गुपचूप दफने झाली, आणि जो निर्बंध संसर्ग रोखण्यासाठी होता त्यानेच संसर्ग दृष्टिआड नेला.

त्याच ऑगस्टमध्ये वेस्ट पॉइंट या दाटीवाटीच्या वस्तीला सैनिक आणि पोलिसांनी वेढा घातला. तिथे पन्नास हजारांहून अधिक लोक राहत होते. एक स्थानिक अधिकारी आपल्या कुटुंबाला बाहेर काढण्यासाठी बंदोबस्तात आली हे रहिवाशांनी पाहिले आणि संताप उसळला. सैनिकांनी गोळीबार केला, त्यात जखमी झालेला एक किशोरवयीन मुलगा दगावला, आणि दहा दिवसांनी वेढा उठवावा लागला.

सुधारणा झाली ती पर्याय दिल्यानंतर. नोव्हेंबर २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक' दफनाची पद्धत जाहीर केली, आणि ती ठरवताना धर्मगुरूंशी सल्लामसलत झाली होती. मुस्लिम मृतासाठी पाण्याच्या स्नानाऐवजी कोरड्या शुद्धीची, म्हणजे तयम्मुमची सोय त्यात होती. आप्तांना सुरक्षित अंतरावरून प्रार्थना करता येत होती. वर्षाच्या अखेरीस मन्रोव्हियाबाहेर डिस्को हिल येथे नवे दफनस्थळ सुरू झाले आणि लोकांना कबरी परत मिळाल्या. जे लोक सहा महिन्यांपूर्वी मृतदेह लपवत होते तेच आता दफन पथकांना बोलावू लागले. स्वभाव सहा महिन्यांत बदलत नाही.

पर्याय बाहेरून आणावाच लागतो असेही नाही, पुष्कळदा तो परंपरेतच असतो. मार्च २०२०मध्ये कुवेतमधील मशिदी बंद झाल्या तेव्हा अजानमधील 'नमाजासाठी या' या हाकेच्या जागी 'आपापल्या घरी नमाज पढा' असे शब्द आले. ऐकणाऱ्यांना गहिवरून आले, परंतु ते शब्द नवे नव्हते. पावसाच्या आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्रींसाठी तशी हाक देण्याचा दाखला हदीसमध्येच, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांच्या आणि कृतींच्या संग्रहांतच आहे.

पायवाट:

@तळटीप, कबरीला रंग देण्याविषयीचा तपशील वाचून थोडा वेळ काही सुचलेच नाही. मनापासून आभार. एक शंका आहे. पर्याय देणे ज्या सरकारांना परवडत नाही, तिथे कडक निर्बंधांचा मार्ग अधिक प्रामाणिक ठरतो, असे कोणी म्हणाल्यास काय उत्तर द्यावे?

मोजपट्टी:

त्या शंकेला पेरूचा अनुभव हे उत्तर आहे. पेरूने १६ मार्च २०२० पासून लॅटिन अमेरिकेतील सर्वांत लवकरच्या आणि सर्वांत कडक टाळेबंदींपैकी एक लागू केली. लष्कर रस्त्यावर होते, रात्रीची संचारबंदी होती. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात मृत्यूंच्या बाबतीत तो देश जगात सर्वांत वरच्या स्थानांवर पोहोचला. देशातील दहांपैकी सुमारे सात कामगार असंघटित क्षेत्रात होते, म्हणजे त्या दिवशी कमावले तरच त्या दिवशी चूल पेटणार. सुमारे निम्म्या घरांत फ्रिज नव्हता, त्यामुळे आठवड्याचा बाजार एकदाच भरून ठेवा हा सल्ला त्यांच्यासाठी निरर्थक होता, आणि रोजच्या खरेदीने बाजारच संसर्गाची केंद्रे बनले. सरकारने रोख मदत दिली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. परंतु असंख्य लोकांची बँकेत खातीच नसल्यामुळे ती मदत घेण्यासाठी बँकांसमोर लांबच लांब रांगा लागल्या. एप्रिलमध्ये एक दिवस पुरुषांनी आणि एक दिवस स्त्रियांनी बाहेर पडायचे असा नियम आला. घरची खरेदी प्रामुख्याने स्त्रियाच करत असल्याने त्यांच्या दिवशी बाजारात झुंबड उडाली, आणि सुमारे आठवडाभरात तो नियम मागे घ्यावा लागला. हजारो लोक राजधानी लिमा सोडून डोंगरांतल्या आपल्या गावांकडे पायी निघाले. या लोकांना बेशिस्त म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

शेजारच्या कोलंबियात, बोगोटाला लागून असलेल्या सोआचा शहरात, घरातले अन्न संपले की खिडकीला लाल फडके बांधण्याची पद्धत त्या काळात सुरू झाली. घर न सोडता मदत मागण्याचा तो मार्ग होता. ते लोक निर्बंध पाळतच होते. पाळता पाळता उपाशी राहत होते, एवढेच.

रेघोटी:

वरील सर्व प्रतिसाद मान्य करूनही मला वाटते की पर्याय आणि पैसा यांच्याइतकाच न्यायाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेलबर्न हे श्रीमंत शहर आहे. तिथे ४ जुलै २०२० रोजी नऊ सरकारी निवासी इमारतींतील सुमारे तीन हजार रहिवाशांना कोणतीही पूर्वसूचना न देता, पोलिसांच्या पहाऱ्यात, दाराबाहेर पाऊल टाकण्यास मनाई करण्यात आली. आसपासच्या भागांतील लोकांना मात्र खरेदी आणि व्यायामासाठी बाहेर पडता येत होते. त्या इमारतींतील अनेक रहिवासी युद्धग्रस्त देशांतून आलेले निर्वासित होते, आणि खाली उभ्या असलेल्या पोलिसांकडे पाहून त्यांना काय आठवले असेल हे सांगायला नको. तिथल्या लोकपालांनी पुढे अहवालात म्हटले की पूर्वसूचनेविना केलेली ती बंदी मानवी हक्कांशी सुसंगत नव्हती.

@पायवाट, तुमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कोड्याचा एक धागाही इथेच आहे. पहिल्या सक्तीच्या काळात शहराचे महापौर आणि खुद्द आरोग्य अधिकारी एका मुष्टियुद्धाच्या सामन्यात मास्कविना बसलेले छायाचित्रात सापडले होते. दुसरी सक्ती आली तेव्हा लोक ते विसरले असतील असे मला वाटत नाही.

वाळवंट:

आठवणींचा मुद्दा कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. नोव्हेंबर १९१८मध्ये ऑकलंडहून आलेल्या एका जहाजातून इन्फ्लुएन्झा प्रशांत महासागरातील पश्चिम सामोआत, म्हणजे आजच्या सामोआ देशात उतरला, आणि काही आठवड्यांत तिथली सुमारे एकपंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. शेजारच्या अमेरिकन सामोआच्या राज्यपालांनी जहाजांना मज्जाव केला होता. तिथे एकही मृत्यू झाला नाही. दोन शेजारी बेटसमूह, एकच भाषा, एकच रीतिरिवाज. २०१९मध्ये त्याच पूर्वीच्या पश्चिम सामोआत गोवरची साथ आली आणि ऐंशीहून अधिक जण दगावले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस संपूर्ण देश बंद ठेवला आणि लस न घेतलेल्या कुटुंबांना घरासमोर लाल कापड लावायला सांगितले, म्हणजे लस देणारी पथके थेट त्यांच्या दारी जातील. @मोजपट्टी यांनी सांगितलेले लाल फडके आणि हे लाल कापड मी सारखे शेजारी ठेवून पाहतो आहे. एकाने मदतीला हाक मारली ती कोणाच्या तरी कानी पडेल या आशेवर, आणि दुसरे लावतानाच पथक रस्त्यावर निघालेले होते.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजातही १९१८ची आठवण ताजी आहे, कारण त्या वेळी त्यांचा मृत्युदर युरोपीय वंशाच्या रहिवाशांच्या आठपटींहून अधिक होता. म्हणूनच २०२०मध्ये नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवून अभिवादन करण्याची 'होंगी' ही प्रथा अनेक माओरी जमातींनी सरकारी आदेशाची वाट न पाहता स्वतःच थांबवली, आणि काहींनी आपल्या भागात येणाऱ्या रस्त्यांवर तपासणी नाकीही उभारली. अंत्यविधीच्या बाबतीत मात्र त्यांनाही फार सोसावे लागले. त्यांचा 'तांगी' हा विधी अनेक दिवस चालतो आणि त्यात मृत व्यक्तीला क्षणभरही एकटे ठेवले जात नाही. कडक टाळेबंदीत तो पूर्णपणे बंद होता. मे महिन्यात निर्बंध शिथिल होताना उपाहारगृहे आणि चित्रपटगृहे उघडणार, परंतु अंत्यविधीला मात्र दहाच माणसे चालतील, असे जाहीर झाले तेव्हा माओरी नेत्यांनी जाहीरपणे हरकत घेतली. सरकारने त्यांच्याशी आणि इतर धार्मिक संस्थांशी चर्चा केली आणि ती मर्यादा पन्नासांवर नेली.