गुरुवारी पाणी बंद, बोळ खोदलेला. साठवण कशी करता?

पेठेतली_सून
मंडळी, सल्ला हवाय. पुण्यात सदाशिव पेठेत तीन मजली जुनी इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालची टाकी नाही. सकाळी लायनीतून जे येतं ते गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढतं, त्यात सहा बिऱ्हाडं. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेची नवी लाइन आता आमच्या बोळात आली आहे. महिन्याभरात दोन गुरुवार पूर्ण बंद गेले, वर एकदा जेसीबीने आमचंच कनेक्शन तोडलं (ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). आणि शुक्रवारी ते आपलं नेहमीचं, "उशिरा व कमी दाबाने".

घरात आम्ही दोघं, सासूबाई, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि आठ महिन्यांचं बाळ. मागचा गुरुवार कसाबसा काढला. शुक्रवारी पाणी आलं ते चहासारखं, आणि मी अर्धवट झोपेत त्याच पाण्याने घरातली सगळी भांडी भरून बसले! गॅलरीत पाचशे लिटरची टाकी घ्यावी म्हणतेय. कुठली चांगली? येत्या गुरुवारी परत बंद आहे.

वाळू_सिमेंट
टाकीचं नंतर बोलू, आधी गॅलरी बघा. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो. सात-आठ माणसं दोन फरशांवर दिवसरात्र उभी आहेत असं समजा. पेठेतल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या बऱ्याचदा दगडी घोड्यांवर (भिंतीतून बाहेर आलेल्या आधारांवर) किंवा गंजलेल्या लोखंडावर असतात. खालून एकदा वर बघा, प्लास्टर सुटलं असेल तर कपडे वाळत घालण्यापलीकडे त्या गॅलरीचा उपयोग करू नका. पाणी घरात वाटून ठेवा, मोरीत एक पिंप, दुसरं स्वयंपाकघरात भिंतीलगत.

बोअरचं_पाणी
सरळ नळाला मोटार लावा. आमच्या इथे सगळे लावतात.

हिशेबी_काकू
अगं, तुला पाचशे लागतातच कशाला? शहराचं नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, पण ते चालू नळाचं. बंदच्या दिवशी आमच्या पाचजणांचं अडीचशेत भागतं आणि अंघोळ कुणाची चुकत नाही.

सगळ्यात जास्त पाणी संडासात जातं. जुन्या फ्लशच्या टाकीला एका वेळी दहा लिटर तरी लागतात. घरात चार वेळा कुणी खटका ओढला की दोन बादल्या गेल्या. म्हणून मी बुधवारी रात्रीच फ्लशच्या टाकीची चावी बंद करते आणि मशीनचं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी जुन्या पिंपात धरते. आरओचं पाणी एकदा मोजून बघ, घाबरशील.

तुम्ही तीन मोठी माणसं आणि बाळ. दोनशे लिटरचं एक पिंप वापराला, पिण्या-स्वयंपाकाला झाकणाच्या दोन कळशा नि एक वीस लिटरचा कॅन, बाकी बादल्या. शुक्रवार दुपारपर्यंत निघेल. बाळाचे लंगोट बुधवारीच धुऊन घे, दोन दिवस बाजारचे वापर, कुणी काही म्हणत नाही.

आणि सासूबाईंसाठी एक. भरलेली बादली त्यांना उचलवत नाही आणि त्या सांगणारही नाहीत. पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन भरून संडासात कमोडच्या उजव्या हाताला ओळीने ठेव, एका वेळी एक. माझ्या आईचं असंच ऑपरेशन झालं होतं, तेव्हा ती बादली उचलायला गेली आणि ओल्या फरशीवर घसरली.

पाना_पक्कड
बोअरचं_पाणी, मोटारीचा सल्ला देऊ नका हो. एक तर बेकायदा, पकडली तर जप्त होते. दुसरं म्हणजे खोदलेल्या बोळात ते घातकच. लाइन रिकामी असताना मोटार ओढायला लागली की पाइपात पाणी नसतं तेव्हा ती बाहेरचं आत ओढते. जिथे जोड ढिला आहे तिथून चिखल येतो, शेजारून ड्रेनेज जात असेल तर तेही. म्हणजे तुमच्या मोटारीचा प्रसाद सगळ्या बोळाला.

सूनबाई, तुमची चूक गुरुवारी झाली नाही, शुक्रवारी झाली. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आतल्या भिंतीवरचा गंज सुटतो, फटींतून माती येते. परत पाणी सोडलं की पुढे हवा, मागे हा सगळा गाळ. नळ आधी खोकतो, फुसफुसतो, मग तांबडं येतं. ते वरच्या टाकीत चढू दिलं की गाळ तळाशी बसतो आणि पुढचे आठ दिवस तुम्ही तेच वापरत राहता.

त्यामुळे बुधवारी रात्री टाकी भरली की गच्चीवर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करा. शुक्रवारी पाणी आलं की तळमजल्यावरचा नळ आधी सोडा, नितळ येईपर्यंत वाहू द्या, तांबडं पाणी बादल्यांत धरून संडासाला वापरा. स्टीलच्या भांड्यात तळ स्वच्छ दिसला की मगच वरचा व्हॉल्व्ह उघडायचा. हे सहा बिऱ्हाडांतल्या एकाने अंगावर घ्यावं लागतं, नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्यावर सोडतो.

आरओचा इनलेट बंद ठेवा, नाहीतर कँडल एका सकाळी चिखलाने भरते. नळ खोकत असताना गिझरचं बटण लावू नका, इन्स्टंट असेल तर कॉइल जाते. वॉशिंग मशीनला धार बारीक झाली तर मेकॅनिक बोलावण्याआधी मागच्या पाइपाच्या तोंडाची जाळी काढून बघा. मी त्या जाळीतली वाळू काढायचे पैसे घेतलेत, लाज वाटते सांगायला.

धायरीकर
गढूळपणा गेला म्हणजे पाणी पिण्यासारखं झालं असं नाही. २०२५च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) साथ आली. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला आणि सगळं बोट पाण्याकडे गेलं. तेव्हापासून आमच्याकडे पाणी उकळतंच. बुडबुडे आले की गॅस बंद करू नका, खळखळ उकळल्यावर एक मिनिट तरी राहू द्या. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, पातळ सुती कापडातून गाळा, मग उकळा. तुरटीने माती बसते, जंतू मरत नाहीत. बाळाच्या भांड्यांना, बाटलीलाही तेच पाणी. बंदनंतर दोन-तीन दिवस तरी हे पाळा.

वाघोलीचा_टँकर
तुम्हा पेठवाल्यांचा गुरुवार म्हणजे आमचा रोजचा वार. स्वागत आहे.

कसब्यातला_म्हातारा
१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा मी तिसरीत होतो. पूर ओसरल्यावर नळ कोरडे, आणि आमच्या वाड्यातल्या विहिरीवर आख्खी आळी. पुढे वाडा पाडून इमारत झाली, विहिरीवर आता पार्किंग आहे. पेठेत अशा बुजवलेल्या, झाकलेल्या विहिरी बऱ्याच आहेत. तुमच्या किंवा शेजारच्या इमारतीत विहीर किंवा जुना बोअर आहे का, मालकाला विचारा. पिऊ नका, पण संडासाचा प्रश्न मिटेल.

आशाताईंची_लेक
पिंपाबद्दल एक राहिलंय. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि ती पिंपाच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटतात. नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासणीने घासा. झाकण नसेल तर जुन्या धोतराचा तुकडा आणि सुतळी.

पेठेतली_सून
अपडेट देते. गॅलरी खालून बघितली. वाळू_सिमेंट, हात जोडते. तिथे दोन कुंड्या होत्या, त्याही उचलल्या. विहीर काही निघाली नाही.

गुरुवार निघाला, पिंपात चार बोटं पाणी उरलंसुद्धा. व्हॉल्व्हची जबाबदारी तळमजल्यावरच्या आजोबांनी घेतली, किल्ली जानव्याला बांधून फिरत होते. शुक्रवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी नळ खोकला. वीस मिनिटं तांबडं आलं, सहा बादल्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावरचे मात्र गुरुवारी नळ उघडा ठेवून ऑफिसला गेलेले, त्यामुळे टाकी उघडल्यावर जिन्यातून ओढा. आजोबा परत वर चढले.

सासूबाईंना कॅन आवडले. त्यांनी त्यावर खडूने आकडे घातलेत आणि कुठला कुणी वापरला ते मला येऊन सांगतात.

एकच अडचण आहे. पिंप घाईत घेतलं, झाकण बसत नाही, एका बाजूने उचलतं. नुसतं झाकण कुठे मिळेल?

हिशेबी_काकू
रविवार पेठेत बोहरी आळीत. पिंपाच्या तोंडाचं माप सुतळीने घेऊन जा, अंदाजाने आणू नकोस.