मदत हवी आहे: स्प्लेनिक फ्लेक्शरला (मोठ्या आतड्याचं प्लीहेजवळचं वळण) रक्त कोण देतं?

निळीशाई: एका पुस्तकात एसएमए (सुपीरियर मेसेंटरिक, आतड्याची वरची धमनी), दुसऱ्यात आयएमए (इन्फीरियर मेसेंटरिक, खालची), सीनियरच्या नोट्समध्ये दोन्ही. उद्या विचारणार आहेत. कृपया एका ओळीत सांगा.

रात्रपाळी: उद्या व्हायवा (तोंडी) की लेखी? कितवं वर्ष? अ‍ॅनाटॉमीवाले एक ऐकायला बसलेले असतात, सर्जरीवाले दुसरंच.

गर्भवेडा: वर्ष बदललं म्हणून धमनी बदलत नाही. एम्ब्रियोलॉजी बघा. ट्रान्सव्हर्स कोलनचा (मोठ्या आतड्याचा आडवा भाग) साधारण पहिला दोन-तृतीयांश भाग मिडगटचा (गर्भातल्या आतड्याचा मधला भाग), म्हणून एसएमए. तिथून पुढे हाइंडगट (मागचा भाग), म्हणून आयएमए. फ्लेक्शर लेफ्ट कॉलिकचा, म्हणजे आयएमएच्या शाखेचा. विषय संपला.

रात्रपाळी: संपला कसा? एसएमएच्या मिडल कॉलिकची डावी शाखा आणि लेफ्ट कॉलिकची चढती शाखा तिथेच एकमेकींना मिळतात. काहींच्यात हा जोड फार बारीक असतो, काहींच्यात नसतोच. ग्रिफिथ्स पॉइंट म्हणतात तो हाच. रक्तदाब कोसळला की इस्केमिक कोलायटिस (रक्त कमी पडून कोलनला होणारी इजा) इथे आधी गाठतो. फक्त ‘आयएमए’ म्हणून मोकळं झालात तर पुढचा प्रश्न अंगावर येणारच.

खडूफळा: वाद सोडा, चित्र काढा. एओर्टावर (महाधमनी) एल१ ला, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीला, एसएमए, एल३ ला आयएमए. वरून इलिओकॉलिक, राइट कॉलिक, मिडल कॉलिक. खालून लेफ्ट कॉलिक, सिग्मॉइड, सुपीरियर रेक्टल. राइट कॉलिक तुटक रेषेने दाखवा, अनेकांच्यात ती एसएमएतून स्वतंत्र निघतच नाही.

सुईदोरा: अपेंडिक्युलर (अपेंडिक्सची धमनी) विसरू नका! इलिओकॉलिककडून येते, एंड आर्टरी आहे, म्हणजे पर्यायी रक्तपुरवठा नाही. तिच्यात गुठळी झाली की गँगरीन.

निळीशाई: अपेंडिक्स नकोय हो. पहिलं वर्ष, व्हायवा. मागच्या बॅचला विचारलं होतं, आयएमए मुळाशी बांधली तरी डावं कोलन जगतं कसं?

रात्रपाळी: अहो, हे आधी सांगायचं ना! मार्जिनल आर्टरीमुळे. एसएमएचं रक्त मिडल कॉलिकमधून कोलनच्या कडेकडेने डावीकडे उतरतं.

गर्भवेडा: म्हणजे आर्क ऑफ रायोलान.

खडूफळा: नाही. मार्जिनल कोलनला लागून जाते, तिच्यातून व्हासा रेक्टा (सरळ बारीक शाखा) भिंतीत शिरतात. रायोलानची कमान मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) मुळाजवळ असते, तीही सगळ्यांच्यात नाही. व्हायवात ही गल्लत नको.

निळीशाई: मग ‘मुख्यतः लेफ्ट कॉलिक, पण सीमारेषेवर, मिडल कॉलिकशी जोड’ असं म्हणू?

रात्रपाळी: म्हणा. आणि ग्रिफिथ्सचं नाव घ्याच.

सुईदोरा: शिरांचा (व्हेन्स) अभ्यासही करून जा. आयएमव्ही (इन्फीरियर मेसेंटरिक व्हेन) बहुधा स्प्लेनिक व्हेनला मिळते.